शंभराला पंचवीस

मे महिन्याची दुपार, सावद्याचा काटा,
दिलदार तडवी केबिनमधून उडी मारून उतरला
आणि बिल्टी टेबलावर टाकायच्या आधीच म्हणाला,
"भो, नवी गाडी पंचवीस देते."

मी हसलो नाही.
दहा चाकं, सोळा टन केळी,
दिल्लीपर्यंतचा रस्ता, आणि पंचवीस?
पंचवीस तर माझ्या मेव्हण्याची कारही देत नाही,
आणि तो तिला उतारावर बंद करून सोडतो.

"काचेत आकडा येतो ना. खोटं सांगू का?
सपाटीला पंचवीस. असिरगडचा चढ लागला
की चाळीस. उताराला सहा.
अशी गाडी जन्मात पाहिली नाही भो,
चढताना जास्त देते."

केबिनमध्ये चढलो. सीटवर अजून प्लास्टिक,
उदबत्तीचा वास, डिझेलचा वास.
आकड्याखाली मुंगीएवढी अक्षरं:
लिटर, एक तिरकी रेघ, शंभर किलोमीटर.
शोरूममध्ये कुणाचं तरी बोट
भलत्याच बटणावर पडलं होतं.

बिल्टीच्या पाठीवर भागाकार मांडला.
शंभर भागिले पंचवीस, चार.
शंभर भागिले चाळीस, अडीच.
दिलदारनं बराच वेळ कागद धरून ठेवला.
"चार तर जुनीही द्यायची."

गाडी तीच, म्हटलं, डिझेल तेच.
आपण विचारतो, लिटरला किती देते.
तिकडे विचारतात, शंभराला किती पिते.
"तिकडे म्हणजे कुठे?"
असेल कुठंतरी. अजून एका मुलखात
मैल आणि गॅलन मोजतात,
तिथं हीच गाडी जवळजवळ साडेनऊ देते.
"मग तिथलं लावून द्या."

हसलो दोघं. मग मी म्हटलं, बदलू का सेटिंग,
आपलं नेहमीचं ॲव्हरेज दिसेल.
त्यानं रुमालानं काच पुसली.
"राहू द्या. चढावर तिला किती लागतं
ते दिसू द्या मला."

गाडी गेली, भागाकार माझ्याकडे राहिला.
फिरके सरांनी व्यस्त प्रमाण शिकवलं होतं,
पण हौदाचे नळ आणि भिंत बांधणारे मजूर
यांच्यापुढे ते कधी गेले नाहीत.
माझी मोटारसायकल पन्नासाची साठ झाली
तर शंभर किलोमीटरला वाचतं
चार कप चहाएवढं पेट्रोल.
दिलदारची चाराची पाच झाली
तर पाच लिटर, अख्खा कॅन.
माझे दहा वाढून एवढंसं,
त्याचा एक वाढून एवढं.
हे मी तीनदा तपासलं.
तीनदा तेच आलं.

बाहेर सुपडूची टोळी दुसरी गाडी भरत होती.
खाली वाळल्या पानांचा थर,
मग घड, मग पान, मग घड,
खांद्यावरचं गोणपाट केळीच्या चिकानं काळं.
ऊन इतकं, की काट्याचा लोखंडी पत्रा
अनवाणी पायाला दोन पावलंही सहन करत नव्हता.

नेहेते अण्णा दर शनिवारी हिशोबाला बसतात
आणि दर शनिवारी विचारतात,
"शेकडा घडांमागे किती चहा पितात रे हे?"
मी चार लिहितो.
ते चार बघतात, जीभ टाळ्याला लावून
एक आवाज काढतात,
आणि चहावाल्याचं बिल ओळ न् ओळ वाचतात.

या शनिवारी मी रकान्याचं नाव खोडलं.
वर लिहिलं: एका चहात घड.
खाली लिहिलं: पंचवीस.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला,
परत खाली घेतला.
"पंचवीस? बरे देतात की,"
म्हणाले, आणि चहाच्या बिलावर
न वाचता सही केली.